बैरुतचे सायलो: पाडावेत की राखावेत?

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात सुमारे २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन २००हून अधिक माणसं गेली. शेजारचे धान्याचे सायलो, म्हणजे उंच कोठारं, फाटले, पण पश्चिमेकडच्या वस्त्यांना त्यांचीच आड मिळाली.

पाडा म्हणणाऱ्यांचा मुद्दा सुरक्षेचा, आणि तो पोकळ नाही. आत अडकलेलं धान्य आंबून जुलै २०२२मध्ये पेटलं, उत्तरेकडचा भाग टप्प्याटप्प्याने कोसळला. लेबनॉनच्या मंत्रिमंडळाने पाडकामाला मंजुरी त्याआधीच, एप्रिलमध्ये दिली होती.

राखायचे तर खर्च आहेच. पण मृतांच्या नातेवाइकांना ते साक्षीदार म्हणून हवेत, आणि स्फोटाचा तपास राजकीय अडथळ्यांत वर्षानुवर्षं रखडला असताना पाडकामाची (कसली ही!) घाई मला पटत नाही. दक्षिणेकडचा भाग तुलनेने भक्कम आहे. निदान तेवढा तरी राहू द्यावा.