११७० एएमवरचा देसी रेडिओ: आठ महिने ऐकल्यानंतर

आमच्या कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या स्वयंपाकघरात खिडकीपाशी एक छोटा ट्रान्झिस्टर आहे. त्याच्या काचेवर ११७० च्या बरोबर वर आईने लाल टिकली चिकटवली आहे, म्हणजे पुसताना काटा हलला तरी परत जागेवर आणता येतो. डोंबिवलीच्या घरी विविध भारती ११८८ वर लागायची. "अगं, काटा जवळजवळ तिथेच आहे की," हे तिचं पहिल्या दिवशीचं वाक्य.

सॅन होजेचं हे ११७० एएम स्टेशन १९४६ पासूनचं. २००९ मध्ये ते दक्षिण आशियाई कार्यक्रमांकडे वळलं, त्याआधी तिथे स्पॅनिश लागायचं. मी जुलै २००९ पासून ऐकते आहे, सकाळ-संध्याकाळ गाडीत. आई ऑक्टोबरात आली, ती दिवसभर ऐकते. आम्हा दोघींचा अनुभव इतका वेगळा आहे की तो वेगवेगळाच सांगायला हवा.

आधी माझा. सकाळी ८८० हायवेवरून २३७ हायवेला लागेपर्यंत आवाज खणखणीत असतो. दिवसा या स्टेशनची ताकद ५०,००० वॉट, त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियात बहुतेक ठिकाणी ते स्वच्छ लागतं. पुलाखाली गाडी शिरली की क्षणभर आवाज बसतो, विजेच्या मोठ्या तारांखाली गुरगुर येते. एएम म्हटलं की हे आलंच. संध्याकाळचं मात्र आधी माहीत असलेलं बरं. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली आणि घरी येताना गाणी विरळ व्हायला लागली. मला वाटलं गाडीची अँटेना गेली, दुरुस्तीवाल्याकडे जाऊन पैसेही घालवून आले. नंतर कळलं की अँटेनाला काहीच झालं नव्हतं. सूर्य मावळला की मीडियम वेव्हच्या, म्हणजे एएमच्या, लहरी वरच्या वातावरणावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर जातात. ११७० वर रात्रीचा पहिला हक्क व्हीलिंग आणि टल्सा या दूरच्या शहरांतल्या जुन्या मोठ्या स्टेशनांचा, म्हणून इतरांना अंधार पडल्यावर ताकद कमी करावी लागते. डिसेंबरात इथे पाच वाजायच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे नेमकी माझी घरी परतायची वेळ. आता मार्च लागलाय, दिवस मोठा होतोय, आणि संध्याकाळची गाणी हळूहळू परत येत आहेत.

आता आईचा. इथे आलेल्या आईवडिलांची दुपार ज्यांनी पाहिली आहे त्यांना फार सांगायला नको. गाडी चालवता येत नाही, फुटपाथवर चिटपाखरू नाही, घरातले सगळे सहापर्यंत बाहेर. पहिल्या आठवड्यात मी ऑफिसातून फोन केला तर ती म्हणाली, "सकाळपासून तुझाच आवाज ऐकतेय मी." ते वाक्य मला दिवसभर टोचत राहिलं. त्याच शनिवारी ट्रान्झिस्टर आणला. आता दुपारी फोन केला की मागे कुणीतरी हिंदीत बोलत असतं, आणि ती मला थांबवून ते संपेपर्यंत ऐकते. पोळ्या लाटताना, मेथी निवडताना तिच्याशी बोलणारं माणूस घरात आहे. तिला कॉम्प्युटर उघडून, पासवर्ड घालून गाणी लावायला सांगा, ती नाही लावणार. बटण फिरवलं की सुरू, एवढंच तिला हवं. आणि ती ऐकते त्या भर दुपारी एएमचा आवाज सगळ्यात चांगला असतो. इंटरनेटवर हवी ती गाणी मिळत असताना एएम कशाला, असं मला बरेच जण विचारतात. माझं उत्तर आई आहे.

२०१० च्या २४ फेब्रुवारीची सकाळ मी विसरणार नाही. ग्वाल्हेरला सचिनने नाबाद २०० केल्या होत्या, पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक. मी २३७ वर अडकले होते. रेडिओवर फोनमागून फोन येत होते, त्यातल्या एकाला तर भरून आल्यामुळे धड बोलताच येईना. शेजारच्या लेनमधल्या गाडीत एक मुलगा स्टिअरिंगवर हात आपटून हसत होता. त्याच्याही गाडीत हेच लागलेलं असणार. मी काच खाली केली, त्याने दोन बोटं वर केली. एकट्याने इंटरनेटवर स्कोअर बघताना असं होत नाही.

एक गोष्ट मनात राहिली आहे. आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासणारे एक मेक्सिकन काका आहेत. ते पूर्वी याच ११७० वर स्पॅनिश ऐकायचे. मी कौतुकाने या स्टेशनबद्दल बोलले तेव्हा ते म्हणाले, "ते माझं होतं." रागाने नाही, सहजच. त्यांच्या भाषेची दुसरी स्टेशनं इथे आहेत, तरी वर्षानुवर्षांची सवय तुटली की काय होतं ते मला आईकडे बघून कळतं.

भाषेचं म्हणाल तर हिंदी आणि पंजाबी भरपूर. मी ऐकते त्या वेळांत मराठी अजून कानावर पडलेली नाही. याचा दोष मी स्टेशनला देत नाही. अमेरिकेत अशा भाषिक रेडिओवर बऱ्याचदा कार्यक्रम करणाराच तासाचे पैसे भरून वेळ घेतो आणि जाहिराती मिळवून ते वसूल करतो. इथे मराठी माणसं भरपूर आहेत, पण किराणावाले, हॉटेलवाले, सोनार यांत आपण थोडे, म्हणून जाहिरात देणारेही थोडे. आठवड्याला अर्धा तास जरी मिळाला तरी आईसारख्या कितीतरी जणी त्या अर्ध्या तासासाठी आठवडाभर थांबतील. गुढीपाडव्यानिमित्त इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी हा विषय काढणार आहे. कुणाला वर्गणी काढून असं काही करायचं असेल तर मला तिथे भेटा.

घरी ऐकायचं असेल तर एवढं करा. रेडिओ खिडकीपाशी ठेवा, लॅपटॉपच्या चार्जरपासून आणि सीएफएल दिव्यापासून लांब; आमच्याकडची निम्मी खरखर तिथूनच येत होती. आवाज कमी वाटला तर रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवून बघा. आतल्या अँटेनाची दांडी आडवी असते, तिचं तोंड बदललं की खूप फरक पडतो. आमचा ट्रान्झिस्टर ओट्याला तिरका ठेवलाय, आणि पुसून झाल्यावर आई तो परत तसाच तिरका ठेवते.