मोठ्या कासवाचं घर बांधून देतो म्हणणाऱ्यापासून सांभाळा, आमचे ६२ हजार गेलेत

आमच्याकडे नाशिकला एक मोठं सुल्काटा कासव आहे, नाव दगडू, वजन २४ किलो. मावसदीर दुबईला शिफ्ट झाले तेव्हा तो आमच्याकडे आला, परिवेश पोर्टलवर (परदेशी प्राण्यांची नोंद होते ती सरकारी वेबसाइट) रजिस्टर आहे आणि नावावर ट्रान्सफरही करून घेतलंय. हे आधीच सांगते कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

सुल्काटा म्हणजे आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेचं कासव, जगातल्या जमिनीवरच्या कासवांत आकाराने तिसरं. नर ५० किलोच्या पुढेही जातात. एवढा प्राणी हॉलमध्ये ठेवायचा नाही हे आम्हाला पहिल्यापासून कळत होतं म्हणून आबांनी (माझे सासरे) मागचं अंगण त्याला द्यायचं ठरवलं, बाहेर भिंतीचं कुंपण आणि रात्रीसाठी व पावसाळ्यासाठी एक बंद उबदार खोली. इन्स्टावर एक माणूस सापडला, 'एक्झॉटिक पेट एन्क्लोजर स्पेशलिस्ट', फोटो एकदम भारी, बोलणंही गोड, ताई ताई करत घरी येऊन मापं घेऊन गेला. एकूण ६२ हजार, निम्मे आधी, बाकी काम झाल्यावर, सगळं यूपीआयवर. बिल मागितलं तर म्हणे जीएसटी लावला तर ताई तुम्हालाच महाग पडेल, मी कच्चं लिहून देतो.

आता त्याने काय काय केलं ते नीट सांगते, कारण वरून बघून यातलं काहीच कळत नाही.

पहिलं कुंपण. सुल्काटा बीळ खोदतो, त्याच्या मूळ देशात तीन-तीन मीटर खोल जातो, म्हणून भिंत जमिनीखाली किमान दीड-दोन फूट पाहिजे. आमच्याकडून दोन फूट फाउंडेशनचे पैसे घेतले, काम केलं आम्ही लग्नाला गावी गेलो होतो त्या दोन दिवसांत. आलो तर प्लास्टर होऊन रंगही दिलेला. पहिल्या मोठ्या पावसात कोपऱ्यातली माती खचली आणि खाली बघितलं तर मातीत ब्लॉकचा एकच थर, तोही नुसता ठेवलेला, त्याच्याखाली काही नाही. दगडूने तिथूनच खणलं आणि शेजारच्या काकूंच्या तुळशीपाशी जाऊन बसला. रस्त्याच्या बाजूचा कोपरा असता तर काय झालं असतं, विचारही करवत नाही.

दुसरं यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारी ट्यूब. कासवाला ड जीवनसत्त्व तयार करायला यूव्हीबी लागतं, ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. आपल्याकडे आठ महिने ऊन फुकट मिळतंय, तेवढे दिवस ट्यूबची गरजच नाही, खरी गरज पावसाळ्यात आत ठेवावं लागतं तेव्हा. याने परदेशी ब्रँडच्या बॉक्समधून ट्यूब काढून आमच्या डोळ्यासमोर लावली, ७ हजार घेतले, वर पाणी उडू नये म्हणून अ‍ॅक्रिलिकचं कव्हर. (साधी काच आणि बहुतेक अ‍ॅक्रिलिक यूव्हीबी अडवतात, म्हणजे ट्यूब खरी असती तरी उपयोग नव्हता.) पुढे दगडू आजारी पडला तेव्हा ती ट्यूब पुण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो, ते फक्त असेच प्राणी बघतात आणि त्यांच्याकडे यूव्ही मीटर आहे. मीटरवर शून्य. मग ट्यूबच्या टोकावरचं ब्रँडचं नाव नखाने खरवडलं तर ते स्टिकर निघालं आणि खाली छापलेलं ६५०० के. घरात लावतो ती साधी पांढरी ट्यूब.

आणि तिसरं, ज्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे, ते हीटिंग. नाशिकची थंडी माहितीय ना, डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो. सुल्काटा शीतनिद्रा घेत नाही, त्याला रात्रीसुद्धा १६-१८ च्या खाली गारठा नको. खोलीत हीट पॅनल आणि थर्मोस्टॅट लावून दिला होता, डिस्प्लेवर कायम २९.५. आम्ही रोज रात्री आकडा बघून निश्चिंत झोपायचो. डिसेंबरमध्ये दगडूने खाणं सोडलं, जास्वंदीची पानं म्हणजे त्याचा जीव की प्राण, तीही तोंडाजवळ धरली तरी बघेना. त्या माणसाला फोन केला तर म्हणाला ताई थंडीत सगळी कासवं झोपतात, नॉर्मल आहे, त्रास देऊ नका. हे तो जाणूनबुजून बोलला, कारण पॅनल गरम होत नाही हे त्याला माहीत होतं. नाकातून पाणी यायला लागलं तेव्हा मी थर्मोस्टॅटचा सेन्सर बर्फाच्या पाण्यात बुडवून बघितला, आकडा २९.५ वरून हलेना. इलेक्ट्रिशियनने डबा उघडला तर सेन्सरची वायर आत कापून ग्लूने चिकटवलेली. छातीत इन्फेक्शन झालं होतं, इंजेक्शनं घ्यावी लागली, आता बरा आहे पण डॉक्टर म्हणाले अजून उशीर झाला असता तर वाचला नसता.

यात मध्येच एकदा त्या माणसाने विचारलं होतं, याला जोडीदार म्हणून स्टार कासव देऊ का, कागदबिगद काही लागत नाही. स्टार कासव वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, पाळणं आणि विकणं दोन्ही गुन्हा, ३ ते ७ वर्षं जेल. त्या चॅटचे स्क्रीनशॉट मी वन विभागाच्या १९२६ हेल्पलाइनवर फोन करून कळवलेत. असं कुणी विचारलं तर तुम्हीही कळवा आणि त्याच्याकडून एक खिळासुद्धा घेऊ नका.

पैशाचं म्हणाल तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केलीय आणि जिल्हा ग्राहक आयोगात जातोय, ५ लाखांच्या आतल्या केसला फी लागत नाही. पक्कं बिल नाही म्हणून यूपीआयच्या एन्ट्री, कच्ची चिठ्ठी, चॅट, ती कापलेली वायर, सगळं जपून ठेवलंय.

मग आता खोली आम्ही आमच्या नेहमीच्या सुताराकडून करून घेतली, डबल प्लाय आणि मध्ये थर्माकोल, दाराला कोल्ड स्टोरेजला असतात तशा प्लास्टिकच्या जाड पट्ट्या, आत ऑइलचा हीटर दगडूच्या धक्क्यापासून लांब जाळीआड, आणि थर्मामीटर वेगळा, बाजारातून आम्ही स्वतः आणलेला. जमीन अंगणापेक्षा फूटभर उंच म्हणजे पावसाचं पाणी शिरत नाही. फाउंडेशनला खड्डा खणला तेव्हा आबा खुर्ची टाकून समोर बसले होते, टेप लावून खोली मोजली आणि मगच ब्लॉक बसवू दिले. तुम्ही कुणाकडूनही करून घ्या, पण खड्डा बुजवायच्या आधी स्वतः बघा, सेन्सर त्याच्यासमोर बर्फात बुडवा, ट्यूब मीटरवर दाखव म्हणा आणि मगच उरलेले पैसे सोडा.

त्या इन्स्टावाल्याचा जुना नंबर बंद आहे, पण नव्या नावाने पेज परत चालू झालंय. त्यात लाल-पिवळ्या रंगाच्या कुंपणाचा एक फोटो आहे, मागे भिंतीला टेकवलेली हिरवी सायकल दिसते. ते आमचं अंगण आहे, तो फोटो दाखवून कुणी अ‍ॅडव्हान्स मागितला तर देऊ नका.