व्हिनियरचा घरगुती अकूस्टिक बेस: गोव्याचा पावसाळा काढल्यानंतर

गोव्याच्या हवेत अकूस्टिक बेस (गिटारसारखं, पण खालच्या स्वरांचं चार तारांचं वाद्य) घरी बांधायचा असेल तर अखंड फळीच्या मागे लागू नका, व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्यांचे, थर चिकटवून बॉडी करा. उन्हाळ्यात बांधलेला माझा बेस मृगापासून गणेशचवथीपर्यंत फोंड्याच्या घरात भिंतीला उघडाच टांगलेला होता. सांधा उकलला नाही, टॉपला, म्हणजे पेटीच्या तारांखालच्या दर्शनी बाजूला, चीर गेली नाही. त्याच खोलीतल्या अखंड स्प्रूस लाकडाच्या गिटारचा टॉप मात्र फुगला आणि तारा फ्रेटपासून इतक्या वर गेल्या की बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरणं जड झालं.

लाकूड ओल धरतं तेव्हा रेषांच्या आडवं फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. थर काटकोनात लावले की प्रत्येक थर शेजारच्याला आवरतो. टॉपला मी पाच थर घेतले: पहिला, तिसरा आणि पाचवा तारांच्या दिशेने, मधले दोन आडवे. बाजूच्या पट्ट्या साच्यावर दाबून केल्या, त्यामुळे लाकूड तापवून वाकवायची गरजच पडली नाही. साच्यातून काढल्यावर कमरेचं वळण जसंच्या तसं राहिलं, आजही आहे.

दुकानात ‘सागाचं व्हिनियर’ म्हटलं की बहुतेक वेळा प्लायवर आधीच चिकटवलेलं शीट पुढे येतं. ते नको. सुटं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं मागा. साग तेलकट असतो, म्हणून चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या.

गोंदाबाबत तडजोड करू नका. सुतारकामाचा पांढरा गोंद सतत ताण आणि उष्णता मिळाली की हळूहळू सरकतो, आणि इथे चार तारांची मिळून ओढ 70-80 किलोच्या घरात असते. मी इपॉक्सी वापरलं. तारा चढवल्यावर ब्रिजच्या (तारा पेटीला जिथे अडकवतात त्या तुकड्याच्या) मागे टॉप किंचित उचलला गेला, पट्टी धरली तर खालून कागद सरकेल इतका. त्यानंतर तो वाढलेला नाही.

आता आवाज. खालच्या ई तारेचा मूळ स्वर 41 हर्ट्झचा, आणि गिटारएवढी पेटी तो फारसा बाहेर फेकू शकत नाही. ऐकू येतो तो मुख्यतः 82 हर्ट्झ आणि त्यावरचे स्वर, मूळ स्वर आपला कान भरून काढतो. ही मर्यादा पेटीच्या आकाराची आहे, व्हिनियरची नाही. तारा बनवणारे अमेरिकी उद्योजक अर्नी बॉल यांनी 1972 साली अर्थवुड नावाचा अकूस्टिक बेस काढला तेव्हा मेक्सिकोच्या गिटारॉन या मोठ्या पेटीच्या बेस वाद्याकडे पाहून पेटी भलीमोठी ठेवली, ती यासाठीच. व्हिनियरमुळे जातं ते वेगळंच: स्वर लवकर विरतो, वरची चमक कमी होते. सहा तारांच्या गिटारला मला हे चाललं नसतं. बेसला चालतं, उलट गाण्याच्या साथीला असा आखूड, गोल ठोका मला आवडतो. घरात दोघांच्या गाण्याला तो पुरतो. चवथीच्या आरतीत घुमट आणि शामेळ ही तालवाद्यं नि कासाळं (झांजा) सुरू झाली की मात्र तो ऐकूच येत नाही. सॅडलखाली (ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीखाली) पिएझो, म्हणजे कंपनं टिपून अ‍ॅम्पला पाठवणारा पिकअप, बसवून छोट्या अ‍ॅम्पला जोडला तेव्हा कुठे खालचे स्वर आरतीत उतरले. पिएझोची सोय पेटी बंद करण्याआधीच करून ठेवा, नंतर साउंडहोलमधून हात घालून काम करणं फार त्रासाचं.

खर्च होत राहतो तो तारांवर. खाऱ्या दमट हवेत साध्या स्टीलच्या तारा पावसाळ्यातच गंजल्या. आता नायलॉनची पट्टी गुंडाळलेल्या चढवल्या आहेत. आवाज आणखी मऊ झालाय, पण बोटं काळी होत नाहीत आणि गंजाचं नाव नाही.