रतनवाडीचा तंबूमुक्काम : पाच आणि आठ वर्षांच्या मुलांसह

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही आमची आठ वर्षांची मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना घेऊन भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी, रतनवाडीत, एका स्थानिक कुटुंबाने चालवलेल्या तंबूंच्या मुक्कामावर दोन रात्री राहिलो. अशा जागांविषयी सहसा सूर्यास्त, शेकोटी आणि चांदणे यांचेच वर्णन वाचायला मिळते. लहान मुले बरोबर असताना मात्र रात्री दहा ते पहाटे सहा या वेळात काय सोय आहे, हे जास्त महत्त्वाचे ठरते, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहीत आहे.

मुंबईहून कसारा घाट, घोटी, बारी आणि शेंडी असा रस्ता आहे. बारीजवळ कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर अगदी जवळून दिसते. शेंडीपासून पुढे जलाशयाला वळसा घालून जाणारा रस्ता वळणावळणांचा असून काही ठिकाणी खराब आहे. मुलाला तिथे गाडी लागली आणि आम्हाला दोनदा थांबावे लागले, त्यामुळे शेवटचा हा टप्पा दिवसाउजेडी पार होईल, अशा बेताने निघावे.

तंबू पाण्यापासून जेमतेम वीस पावलांवर लावलेले होते. संध्याकाळी रतनगड आणि त्याच्या शेजारचा खुट्टा सुळका पाहत बसायला ही जागा फार सुंदर आहे, परंतु तंबू आणि पाणी यांच्यामध्ये कोणतेही कुंपण किंवा साधी दोरीसुद्धा नव्हती. विल्सन धरणामुळे (बांधकाम १९१० ते १९२६) तयार झालेला हा जलाशय खोल आहे आणि जानेवारीत त्याला भरपूर पाणी असते. मुलगा जागा असेपर्यंत आमच्यापैकी एकाला सतत त्याच्या मागे राहावे लागले. ही या मुक्कामाची सर्वांत गंभीर उणीव आहे असे मी मानतो. यजमानांना तसे सांगितल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी आमचा तंबू वर, त्यांच्या घराच्या अंगणालगत हलवून दिला. तिथे दवही कमी पडले आणि मुले निर्धास्तपणे खेळू शकली. लहान मुले असलेल्यांनी आरक्षण करतानाच अंगणालगतची जागा मागून घ्यावी.

स्वच्छतागृह नीट होते, पाणीही होते, पण पहिल्या रात्री काठावरच्या तंबूपासून तिथवरच्या चढाच्या वाटेवर दिवा नव्हता आणि मुलांना घेऊन तीन वेळा विजेरीच्या उजेडात जावे लागले. अंथरायला दिलेल्या चटया पातळ असल्याने जमिनीचा गारवा अंगाला लागत होता. जास्तीच्या गोधड्या मागितल्यावर लगेच मिळाल्या, मात्र मुलांसाठी घरून जाड अंथरूण आणि कानटोपी नेलेली बरी. शेजारच्या तंबूतील मंडळींनी मोठ्या आवाजात गाणी लावली होती. हा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, हे यजमानांनी स्वतः जाऊन त्यांना शांतपणे सांगितले आणि दहाच्या आत आवाज बंद करायला लावला. त्यानंतर डोक्यावर मृग आणि कृत्तिका स्पष्ट दिसत होत्या, आणि मुलीने कृत्तिकांचा पुंजका पहिल्यांदाच नुसत्या डोळ्यांनी मोजून पाहिला.

जेवणात पिठले, नाचणीची भाकरी आणि ठेचा होता. मुलांसाठी वरण-भात आधी सांगून ठेवल्यास वेगळा मिळतो.

रतनगडाच्या चढाईसाठी यजमानांच्याच घरातील एक तरुण वाटाड्या म्हणून आला, आणि या सेवेचे खरे मोल मला त्याच्यामुळे कळले. सकाळी सातला निघून आम्ही प्रवरेचे पात्र ओलांडत जंगलात शिरलो. त्याने आमच्या वेगाने नव्हे, तर धाकट्याच्या वेगाने चालणे ठेवले, दर अर्ध्या तासाने सावलीत बसवले, आणि हिरडा कोणता, कारवी कोणती हे मुलांच्या हातात पान देऊन दाखवले. गडाच्या लोखंडी शिड्यांच्या पायथ्याशी पोहोचलो तेव्हा रविवारची गर्दी होती आणि चढणारे-उतरणारे एकाच वेळी ताटकळत होते. आम्ही काही विचारण्याआधीच त्याने सांगितले, "दादा, इथून पुढं पोरांना नको. वरची गर्दी उतरायला दुपार होईल." गडावरचे नेढे, म्हणजे खडकाला आरपार पडलेले नैसर्गिक भोक, पाहण्याची माझी फार इच्छा होती, तरीही त्याचा निर्णय योग्य होता. पैसे घेऊन आलेला वाटाड्या पाहुण्यांना परत फिरवतो, यातच मला त्याची जबाबदारीची जाणीव दिसली.

त्यामुळे दुपारचा वेळ अमृतेश्वर मंदिरासाठी मोकळा राहिला. भूमिज शैलीच्या, म्हणजे छोट्या शिखरांच्या प्रतिकृती ओळींनी रचलेल्या शिखरावरील बारीक कोरीव काम आणि मंदिराजवळची पायऱ्यांची पुष्करिणी पाहण्यात मुले तासभर रमली. पुष्करिणीच्या कोनाड्यांतील मूर्ती मुलीने वहीत काढून घेतल्या.

निघताना आम्ही यजमानांना काठावर दोरी बांधण्याची आणि वाटेवर दोन दिवे लावण्याची विनंती केली. त्यांनी ती मनापासून ऐकून घेतली आणि दिव्यांची जागा ठरवायला मला सोबत घेऊन ती वाट चालून पाहिली. फेब्रुवारीत, थंडी थोडी ओसरल्यावर, अंगणालगतचा तोच तंबू आम्ही पुन्हा सांगून ठेवला आहे.