नंबर एक मिटला? मग दोन नको, आधी दीड घ्या

कॅप्टन्स ऑफ क्रश या हाताची पकड वाढवणाऱ्या ग्रिपरचा नंबर एक ज्याला सहज मिटवता येतो, म्हणजे मुठीत दाबून दोन्ही हँडलं टेकवता येतात, तो पुढचा म्हणून सरळ नंबर दोन मागवतो. आमच्या भागातल्या व्यायामशाळांत मी हे कित्येकदा पाहिलंय. तो दोन मग आठ दिवस बॅगेत फिरतो आणि शेवटी कपाटात जातो. मी दीड घेतला. पावसाळ्याच्या आधीपासून तो माझ्याकडे आहे, आणि नंबर एकवरून पुढे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला मी तोच सांगेन.

मी चिपळूणला शाळेत खेळशिक्षक आहे. संध्याकाळी कबड्डीच्या मुलांचा सराव घेतो. पकडीची ताकद हा आमच्याकडे हौसेचा विषय नाही. कोपऱ्यातल्या खेळाडूच्या हातात घोटा आला आणि सुटला, की गुण गेलाच.

कॅप्टन्स ऑफ क्रश हे अमेरिकेतल्या आयर्नमाइंड या कंपनीचे ग्रिपर. दोन ॲल्युमिनियमची हँडलं आणि मधे पोलादी स्प्रिंग. स्क्रू नाही, ताण कमी-जास्त करायची सोय नाही. जो नंबर घेतला तो घेतला. गाइड ६० पौंडांचा, स्पोर्ट ८०, ट्रेनर १००, अर्धा १२०, एक १४०, दीड १६७.५, दोन १९५, अडीच २३७.५, तीन २८०, साडेतीन ३२२.५ आणि चार ३६५. नंबर तीन अधिकृतपणे मिटवणारा पहिला माणूस रिचर्ड सोरिन, १९९१ साली. नंबर चारसाठी १९९८ उजाडलं, तो मिटवला जो किनी या माणसाने. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस ही स्पर्धा जिंकलेल्या स्वीडनच्या मॅग्नस सॅम्युएलसनलाही चारचं प्रमाणपत्र २००४ मध्ये मिळालं. या लोकांची नावं वाचली की ३६५ या आकड्याचा धाक वाटतो, आणि वाटायलाच हवा.

आता हिशोब बघा. एकवरून दोनवर जायचं म्हणजे ५५ पौंड एकदम, म्हणजे जवळजवळ ३९ टक्के वाढ. डेडलिफ्टला १०० किलो उचलणाऱ्या मुलाला कुठला प्रशिक्षक पुढच्या खेपेला १३९ लावायला सांगेल? तिथे आपण अडीच-अडीच किलोच्या चकत्या लावतो. ग्रिपरमध्ये चकत्या नाहीत, म्हणून अर्ध्या नंबरांची किंमत जास्त. दीडवर गेलात तर वाढ साधारण २० टक्के. तीही थोडी नाही, पण हात तिच्याशी झगडू शकतो. दोनवरून तीनची उडी तर आणखी मोठी आहे, ८५ पौंडांची. तिथेही मधे अडीच आहेच.

हे पौंड मात्र फक्त याच मालिकेपुरते धरा. दुसऱ्या कंपनीच्या ग्रिपरवर २०० छापलंय म्हणून तो १९५ वाल्यापेक्षा कठीण असेल असं अजिबात नाही. छापील आकडा कुठे आणि कसा मोजायचा याचं सर्वांना लागू होणारं माप नाही. या खेळातले जाणकार हँडलच्या टोकाला पट्टा लावून त्याला वजन टांगतात आणि हँडलं टेकेपर्यंत किती वजन लागलं ते मोजतात. त्या पद्धतीने आयर्नमाइंडच्या ग्रिपरचे आकडे छापील आकड्याच्या निम्म्याहून थोडेसेच जास्त भरतात. एकाच नंबरच्या दोन नगांतही थोडा फरक निघतो, स्प्रिंग म्हटली की तो येणारच. म्हणून मित्राचा दोन तुम्ही मिटवला, तर आनंद जरूर माना, पण पुढचा ग्रिपर निवडताना स्वतःकडच्या नगावरच हात तोला.

तोलायचा कसा, तर एटीएम कार्डाने. तीन आणि त्यापुढच्या नंबरांच्या प्रमाणपत्रासाठी आयर्नमाइंडचा नियम आहे की मिटवायला सुरुवात करण्याआधी हँडलांच्या टोकांमधून कार्डाची रुंदी, म्हणजे साधारण ५४ मिलिमीटर, गेली पाहिजे. दुसऱ्या हाताने तेवढाच आधार द्यायचा, पुढचं सगळं एका मुठीचं काम. घरी नंबर एकवर हाच नियम लावा. कार्डाएवढ्या फटीपासून सुरुवात करून एक मिटत असेल, चार-पाच वेळा लागोपाठ मिटत असेल आणि शेवटच्या वेळी दोन-तीन सेकंद मिटलेला राहत असेल, तर दीड मागवायला हरकत नाही. दुसऱ्या हाताने हँडलं आधीच समांतर आणून उरलेलं थोडंसं अंतर कसंबसं दाबत असाल, तर अजून एकवरच काम बाकी आहे. पैसे जपून ठेवा.

दीड हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते नर्लिंग, म्हणजे हँडलवरची खरबरीत नक्षी. चांगलं धारदार आहे, घामेजल्या हातातूनही हँडल फिरत नाही. आमच्या दमट हवेत ही मोठी गोष्ट आहे, तरीही मी थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पावडर लावतोच. एक हँडल अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या गादीवर बसवायचं आणि करंगळी दुसऱ्या हँडलच्या जितकी खाली जाईल तितकी न्यायची, पण पूर्ण हँडलवर राहील अशी. बोटं स्प्रिंगकडे वर सरकली की तरफ आखूड होते आणि तोच ग्रिपर एक नंबर वरचा वाटायला लागतो. लहान पंजाच्या माणसाला ही मांडणीच निम्मं काम करून देते.

सुरुवातीचं अंतर एकच्या सवयीने पार होतं. फरक कळतो तो शेवटी. स्प्रिंग जितकी वळते तितका तिचा विरोध वाढतो, आणि नेमकं तिथेच बोटं पूर्ण मुडपल्यामुळे त्यांचा जोर कमी झालेला असतो. सुरुवातीचे आठवडे माझी हँडलं एकमेकांसमोर येऊन थांबायची. मूठ ट्यूबलाइटसमोर धरली की मधे प्रकाशाची बारीक रेघ दिसायची. तीन मिलिमीटर असेल, फार तर चार. ती रेघ हा माझ्या लेखी दीडचा सगळ्यात मोठा गुण आहे. प्रगती डोळ्यांना दिसते. रेघ दर पंधरवड्याला बारीक होत गेली आणि एके संध्याकाळी टक् असा धातूचा आवाज आला. दुसऱ्याच्या नंबर दोनवर त्याच वेळी माझी फट दोन बोटं जाईल एवढी राहत होती. तेवढ्या फटीत हाताला ना मिटवण्याचा अनुभव मिळतो, ना प्रगती मोजता येते.

आयर्नमाइंडचा सल्ला तीन ग्रिपर ठेवण्याचा आहे: एक अंग गरम करायला, एक मेहनतीला, एक गाठण्यासाठी. मला तो शंभर टक्के पटतो. नवा ग्रिपर आला की जुना फुकट जात नाही, त्याचं काम बदलतं. माझ्याकडे आता ट्रेनरवर हात गरम होतात, एकवर पाच-सहाचे काही सेट होतात, आणि दीडवर एकेक दमदार प्रयत्न. शेवटी दोन्ही हातांनी दीड मिटवायचा, एक हात सोडायचा आणि उघडू पाहणाऱ्या स्प्रिंगला एका मुठीने अडवत सावकाश सोडायचं. याने ताकद वाढते, पण कोपराच्या आतल्या बाजूवर ताणही मोठा येतो. म्हणून आठवड्यातून दोनदाच, आणि तिथे ठणका लागला की पूर्ण विश्रांती. उघडणाऱ्या स्नायूंसाठी पाचही बोटांना जाड रबरबँड लावून पंजा उघडायचा. कोथिंबिरीच्या जुडीला येतात तसले दोन-तीन रबर एकत्र केले की पुरतात.

पावसाळ्याचं सांगायलाच हवं. ॲल्युमिनियमच्या हँडलला आमच्या हवेत काही होत नाही. स्प्रिंग पोलादी आहे, तिला जपावं लागतं. घामाचा हात लागला की कोरड्या फडक्याने पुसायची, आणि महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल थेंबभर वेटोळ्यात सोडायचं. कुरकुर थांबते आणि गंजही चढत नाही. हँडलवर मात्र तेल उतरू देऊ नका.

किमतीचं बोलायचं तर माल परदेशी आहे. एकाच्या पैशात बाजारातले स्क्रूवाले प्लास्टिकचे दहा येतील. त्यातला एक शाळेत होता, १० ते ४० किलो लिहिलेला. जोर वाढवला की स्प्रिंग खाचेतून निसटायची, आणि हँडलं एकमेकांना टेकतच नसल्याने मिटला की नाही हे कळायचं नाही. दुखापतीनंतर हात हलता करायला ते ठीक आहेत, ताकदीसाठी नाहीत. स्वस्तात नकली कॅप्टन्स ऑफ क्रशही मिळतात. किंमत फारच कमी दिसली तर त्या वाटेला जाऊ नका.

आता कबड्डीचं, कारण मुलं मला तेच विचारतात. ‘सर, दीड मिटला की घोटा सुटणार नाही ना?’ सुटू शकतो. घोटा जाड असतो, त्यावर मूठ कधीच मिटत नाही, आणि ग्रिपर सगळ्यात जास्त ताकद मागतो ती मूठ मिटत आल्यावर. उघड्या पंजाची पकड वेगळी कमवावी लागते. त्यासाठी आमच्याकडे दोर चढणं आहे, बारवर टॉवेल टाकून लटकणं आहे, जाड बांबू धरून उचलणं आहे. ग्रिपरने बोटांत जोर येतो आणि मनगट धरलं तर समोरच्याला तो कळतो. घोट्यासाठी मात्र हे सगळं सोबत हवं. नववी-दहावीच्या मुलांना मी स्पोर्ट देतो, फार तर ट्रेनर. त्यापुढचं त्यांच्या हाती देत नाही, त्यांनी कितीही हट्ट धरला तरी.

माझा उजवा हात आता दीड कार्डाच्या नियमाने मिटवतो. डाव्याची प्रकाशाची रेघ अजून शिल्लक आहे. मी खेळायचो डाव्या कोपऱ्यात, तिथे दोन्ही हात सारखे लागतात, त्यामुळे डावा मिटेपर्यंत नंबर दोन मागवायचा नाही असं ठरवलंय. तुमचाही कमजोर हात कुठला ते बघा आणि पुढचा नंबर त्याला विचारून घ्या.