व्हीसीआर-पाय: आठ महिने कॅसेटी वाजवल्यानंतर

आमच्या पायथन प्रोजेक्टच्या टेस्ट आधी थेट बाहेर कॉल करायच्या. एकीकडे पेमेंट गेटवेचा सँडबॉक्स (चाचणीसाठीची, खरे पैसे न हलवणारी आवृत्ती), दुसरीकडे कुरिअरचं ट्रॅकिंग. त्यांचा सर्व्हर पेंगला की आमचं सीआय (टेस्ट आपोआप चालवणारी यंत्रणा) लाल, कोडला कुणी हातही लावलेला नसताना. म्हणून व्हीसीआर-पाय ही पायथन लायब्ररी आणली. रुबी भाषेतल्या व्हीसीआर लायब्ररीवरूनच ती बेतलीय. पहिल्यांदा खरा कॉल जातो, रिक्वेस्ट आणि उत्तर याम्ल या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठतं. तिचं नावच कॅसेट. पुढच्या वेळी नेटवर्कला न शिवता तीच वाजते. पेन्सिल घालून रीळ गुंडाळलेल्या पिढीला समजावून सांगावं लागत नाही.

वेग सुखावतो. गाडीत इंटरनेट नसतानाही टेस्ट धावतात. पण तिसऱ्या महिन्यात दणका बसला. एका रिफॅक्टरिंगमध्ये, म्हणजे कोडच्या फेरमांडणीत, रुपयांचे पैसे करणारी ओळ गळली. गेटवेला ४९९०० पैसे जायला हवे होते, ४९९ जायला लागले. टेस्ट हिरवीगार! कारण रिक्वेस्ट जुळवताना ही लायब्ररी मुळात मेथड (गेट, पोस्ट वगैरे) आणि यूआरएलचे भाग पाहते, बॉडी, म्हणजे आत पाठवलेला मजकूर, पाहतच नाही. यूआरएल तोच, म्हणून जुनं यशस्वी उत्तर निमूट परत. काय काय जुळवायचं ते ठरवणाऱ्या 'मॅच_ऑन' सेटिंगमध्ये 'बॉडी' घातल्यावर चूक पकडली गेली, पण दर वेळी नवा पावती क्रमांक तयार होत असल्याने बाकीच्या टेस्टही कोसळल्या. शेवटी टेस्टपुरता तो क्रमांक गोठवला. डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलंय, आम्हीच वाचलं नव्हतं.

दुसरी गोष्ट गुपितांची. गुप्त की घेऊन जाणारा ऑथरायझेशन हेडर कॅसेटमध्ये जसाच्या तसा उतरतो. आमची की कोड रिव्ह्यूत दिसली म्हणून वाचलो. सँडबॉक्सची होती, तरी बदलली. 'फिल्टर_हेडर्स' पहिल्याच दिवशी लावा. ते फक्त रिक्वेस्टचे हेडर गाळतं. उत्तरातला मोबाइल नंबर झाकायला 'बिफोर_रेकॉर्ड_रिस्पॉन्स'मध्ये स्वतः फंक्शन लिहावं लागतं.

सीआयवर रेकॉर्ड मोड 'नन' ठेवलाय, म्हणजे कॅसेटमध्ये नसलेला कॉल निघाला की टेस्ट तिथेच पडते. टाइमआउट, म्हणजे सर्व्हरचं उत्तर वेळेत न येणं, तपासायला मात्र कॅसेट कुचकामी. सर्व्हर नेमका आपल्या रेकॉर्डिंगच्या वेळी थोडाच लटकणार? तिथे नकली उत्तरं देणारी 'रिस्पॉन्सेस' लायब्ररी वापरतो: बॉडीच्या जागी 'रीडटाइमआउट' एक्सेप्शन (एरर) दिलं की काम झालं, फक्त कोड कॉल करायला 'रिक्वेस्ट्स' लायब्ररी वापरणारा हवा.

कॅसेट शिळी होते, हे दुखणं राहतंच. कुरिअरवाल्यांनी स्टेटसचं एक फील्ड बदललं, आमच्या टेस्ट जुन्या उत्तरावर खूश, आणि ग्राहकांना 'माहिती उपलब्ध नाही'. तेव्हापासून दर सोमवारी एक जॉब सगळ्या कॅसेटी नव्याने भरतो आणि मी चहा घेत डिफ, म्हणजे जुन्या-नव्यातला फरक, बघतो. बहुतेकदा तारखा आणि रिक्वेस्ट आयडीच बदललेले असतात. गेल्या सोमवारी 'डिलिव्हर्ड'च्या जागी सगळी अक्षरं कॅपिटल दिसली. चहा तसाच राहिला.