पिचफोर्कचे 8.1 की मेटाक्रिटिकचे 81?

नवा अल्बम आला की मी अल्बमना गुण देणाऱ्या या दोन्ही वेबसाइटवर डोकावतो. आकडे दिसायला सारखेच, पण त्यांचं दुकान वेगळं.

पिचफोर्क 0.0 ते 10.0 मध्ये गुण देतं, तेही दशांशात. 7.8 आणि 7.9 मध्ये नक्की काय फरक, हे देणाऱ्यालाच ठाऊक! पण आकड्याखाली एका माणसाचं नाव असतं आणि त्याचा लांबलचक लेख असतो. त्याच्याशी भांडता येतं. हात मात्र आखडता: 2010 नंतर नव्या अल्बमला पूर्ण 10 मिळाले ते थेट 2020 मध्ये, गायिका फियोना ॲपलला.

मेटाक्रिटिक स्वतः ऐकत नाही. इतरांचे तारे, श्रेण्या 100 पैकी गुणांत बदलतं (पाचपैकी तीन तारे म्हणजे 60) आणि सरासरी काढतं. त्यात काही समीक्षकांना जास्त वजन असतं; कुणाला किती, ते सांगत नाहीत. एकाने डोक्यावर घेतलेला आणि दुसऱ्याने आपटलेला अल्बम इथे गुळमुळीत 65 होऊन बसतो.

मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी (तारेचा गुंजणारा नाद) लावताना पाहिलंय. कारागीर तारेखालचा धागा तसूभर सरकवतो, कान लावतो, पुन्हा सरकवतो. तिथे चार जणांच्या मतांची सरासरी काढली असती तर तंबोरा बोललाच नसता.

म्हणून माझं मत पिचफोर्कला, तेही लेखासाठी. गुण मी शेवटी बघतो. महिन्याभरात काय काय आलं हे चाळायचं असेल तर मात्र मेटाक्रिटिकची यादी सोयीची, सांगली-मिरज सिटी बसमध्येही वाचून होते.